डाव्याची पेनल्टी

सर, तुमचा डावा गेला. हैदराबादच्या एका पेपरात चार ओळी आल्यात, त्याही आतल्या पानावर, साडीच्या दुकानाच्या जाहिरातीखाली. फोटो छापलाय तो दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. त्या माणसानं किक मारायला उजवा पाय उचललाय, एवढ्यावरून मी ओळखलं. तुम्ही असता तर पेपरवाल्याला तीन पानी पत्र लिहिलं असतंत आणि टाकण्याआधी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं असतंत. तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या जागी आलेले पीटीचे सरसुद्धा रिटायर झाले. आमच्या संपादकांना कुठून तरी कळलं, की या माणसाला मी एकदा खेळताना पाहिलंय. म्हणाले, लिहा काहीतरी, पण या वेळी टोमणे नकोत, माणूस गेलाय. माझा धंदाच टोमण्यांचा. ते काढले तर माझ्याकडं उरतं काय, हे बघायला बसलो आणि लेखाच्या जागी वर 'सर' असं लिहून गेलो.

तुम्ही मला पहिल्यांदा दिसलात ते बहात्तरच्या दुष्काळात, पाझर तलावाच्या कामावर. मोठी माणसं माती उपसतायत आणि त्यांची पोरं, त्यात दुसरीतला मीही, ढिगाऱ्यावर धूळ खात बसलीयत. तुम्ही हायस्कूलचे पीटीचे सर. पण शाळेत पोरं नाहीत म्हणून पोरं होती तिथं आलात, काखेत चिंध्यांचा बॉल घेऊन. आम्हाला कबड्डी माहीत, कुस्ती माहीत. तुम्ही म्हणालात, "हा बॉल. ह्याला हात लावायचा न्हाय." कुणीतरी विचारलं, हात न लावता खेळायचं कसं? तुमचं घर छप्पन्नलाच बौद्ध झालेलं, पण गावानं ते अजून मनावर घेतलं नव्हतं. कामावर पाणी प्यायला अजून दोन रांगा लागायच्या. तुम्ही त्या रांगांकडं एकदा बघितलंत आणि आम्हाला म्हणालात, "हात न लावता ऱ्हायचं तुमच्या वाडवडलांना लई चांगलं जमतंय. तुम्ही पायानं शिका." मला काहीच कळलं नाही. तुमच्या रांगेतल्या एका म्हातारीला कळलं. ती पदर तोंडाला लावून हसली. आज मी टोमण्यांवर पोट भरतो, पण इतक्या कमी शब्दांत इतका खोल गेलेला टोमणा मला अजून जमलेला नाही.

त्या वर्षी मी तुमच्या स्वयंपाकघरात जेवायला लागलो. एरवी आईनं पाठ सोलली असती. आमच्याकडं तुमच्यासाठी कपबशी वेगळी, ओसरीच्या देवळीत पालथी घातलेली. पण रिकाम्या पोटात विटाळाला बसायला जागा नसते. आई एवढंच म्हणाली, "जेव, पण गावभर सांगत फिरू नगंस." काकू लाल मिलोच्या, रेशनवर आलेल्या अमेरिकेच्या ज्वारीच्या, भाकरी थापायच्या. त्या भाकरीला चव नव्हती, नुसता रंग होता. ती घशाखाली उतरावी म्हणून तुम्ही डाव्याची गोष्ट सांगायचात. तांब्या आणि वरवंटा हे गोलचे दोन खांब, आणि बॉल म्हणजे चिंचोका. तुम्ही हैदराबादला मामाकडं राहून शिकलात, तेव्हा तिथल्या मैदानांवर तो खेळायचा. अनवाणी. डाव्या पायानं बॉल असा वळवायचा की गोलकीपर नमस्कार केल्यासारखा उलट्या बाजूला पडायचा. शहरात त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, नुसतं 'डावा' म्हटलं की पुरे. आणि मग ती फायनल. शेवटची मिनिटं, दोन्ही बाजू बरोबरीत. समोरच्या टीमच्या एका पोराच्या छातीला बॉल लागतो, आणि रेफरी म्हणतो हात लागला. पेनल्टी. डावा बॉल ठेवतो. रेफरीकडं बघतो. त्या पोराकडं बघतो. इथं तुम्ही थांबायचात, काकूंच्या हातातली भाकरीही थांबायची. मग तुम्ही बोटानं चिंचोका उडवायचात. तो वरवंट्याच्या बाहेरून थेट चुलीच्या राखेत. "मुद्दाम बाहेर मारली. खोटी पेनल्टी त्यानं घेतली न्हाय. मी गोलच्या मागं भिंतीवर होतो. मी त्याचे डोळे बघितलेत."

उरलेल्या मिनिटात समोरच्यांनी गोल केला आणि त्याची टीम हरली. शहर म्हणालं, डाव्यानं मॅच विकली. त्याच्या घरावर दगड पडले, क्लबनं काढून टाकलं, पुढं तो दारूला लागला. तुम्ही हे सांगताना तुमचा आवाज आपल्या घरातल्याचं सांगावं तसा व्हायचा. काकू म्हणायच्या, "खेळा, खेळा. भाकरी काय तुमचा डावा आणून देणार हाय?" तुम्ही म्हणायचात, "भाकरी न्हाय देणार. भाकरीसाठी काय करू नये ते सांगंल." मला वाटतं, त्या वर्षी मी मिलोपेक्षा त्या वाक्यावर जास्त जगलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्यांच्या खाली, फोटो नसलेला, हा डावा होता. मीही त्याला मानायला लागलो. न पाहिलेल्या माणसावर जीव टाकायला लहानपणी वेळ लागत नाही.

तलाव पाझर तलाव होता, आणि पाझरायचं काम त्यानं इतकं मनावर घेतलं की पुढं पाऊस झाला तरी त्यात पाणी कधी थांबलं नाही. सरकारचा तलाव फुकट गेला आणि आपल्याला ग्राउंड मिळालं; तळ सपाट, तीन बाजूंनी बांध, बांधावर बसायला सगळं गाव. गोलला बाभळीचे खांब. रेषा मात्र टिकेनात. तुम्ही संध्याकाळी चुन्याची फक्की टाकायचात आणि सकाळी म्हशी ती पुसून जायच्या. गुराख्यांना सांगून सांगून दमलात. मग एका चैत्रात तुम्ही युक्ती केलीत. येरमाळ्याच्या जत्रेत पुनवेनंतर लोक रानातून चुनखडीचे खडे वेचून येडाई देवीच्या नावानं टाकतात. जत्रेला निघालेल्या बायकांना तुम्ही सांगितलंत, येताना ओटीभर खडे इकडंही आणा. त्या खड्यांच्या तुम्ही रेषा आखल्यात आणि देवीचा चुना म्हणून गावात सांगून दिलंत. दुसऱ्या दिवसापासून म्हशी बांधावरून वळून जायला लागल्या. मी विचारलं, "सर, तुम्ही तर देव मानत न्हाय?" तुम्ही म्हणालात, "मानत न्हाय. पण राखणदार म्हणून बाई चोख हाय." फक्त एक झालं. आम्ही पोरंही रेषेवर पाय पडला की खेळता खेळता वाकून बोटं कपाळाला लावायला लागलो, आणि आपला गोलकीपर, तालमीतला दांडगा गडी, ज्याच्या आईचा येडाईला नवस होता, तो गोलच्या रेषेवर कधी म्हणून उभा राहिला नाही. एक पाऊल पुढंच उभा राहायचा. तुम्ही हसून सोडून द्यायचात. ते हसणं पुढं महागात पडलं.

हायस्कूलात आलो तेव्हा तुम्ही मला बॉलमध्ये हवा भरायची सुई दिलीत. पितळेची, बारीक, काडेपेटीत कापसात ठेवलेली. "टीममध्ये ही ज्याच्याकडं, तो जबाबदार माणूस." ती अजून माझ्याकडं आहे. तुम्ही हवा भरायला दिली होती. मी जन्मभर लोकांच्या फुगलेल्या गोष्टींतली हवा काढत आलो. हत्यार तेच.

मी मॅट्रिकला होतो तेव्हा आपल्याकडं साखर कारखाना उभा राहिला. चेअरमनसाहेब कारखान्याचे चेअरमन, सूतगिरणीचे चेअरमन, शाळेच्या संस्थेचेही चेअरमन. सहकार म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं ऐकायचं, ही व्याख्या मी पुढं कधीतरी लिहिली आणि लोकांना ती विनोदी वाटली. पहिल्या हंगामाच्या उसाच्या मोळीच्या पूजेला मोठा पाहुणा हवा होता. सिनेमावाले मिळेनात. तुम्ही म्हणालात, डाव्याला बोलवा. शाळा विरुद्ध कारखाना मॅच ठेवू, तो कारखान्याकडून खेळेल. हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "कोण, तो मॅच विकणारा? अहो मास्तर, तुमच्या त्या गोष्टीला चुलीपुढं काकूंशिवाय कुणी मान डोलावली का कधी?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "येऊ द्या त्याला. मग तुमीच बघा तो काय माणूस हाय." त्या दिवसापासून आख्ख्या गावाला माहीत झालं, की डावा येणार आहे आणि त्याच्याबरोबर मास्तरांच्या इतक्या वर्षांच्या शब्दाचाही निकाल लागणार आहे.

तुम्ही स्वतः हैदराबादला जाऊन त्याला घेऊन आलात. जीपमधून उतरला तेव्हा मी पहिल्यांदा त्याचे पाय बघितले. कोल्हापुरी चपला, सुजलेले घोटे, वर सुटलेलं पोट. त्याची बॅग तुमच्या हातात. तुम्ही गदगदून म्हणालात, "उस दिन आपने जो किया, मैं पीछे दीवार पर था." त्यानं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "हौ मास्टर, सब आप लोगां की दुआ है." कोणता दिवस, कोणती भिंत, त्यानं विचारलं नाही. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, की बघ, कबूल केलं. मोळीची पूजा चालली होती तेव्हा तो खुर्चीत झोपला होता. तुम्ही दोन वेळा उन्हाकडं बघून म्हणालात, प्रवासानं दमलाय.

मॅच सुरू झाली. रेफरी कारखान्याचे शेतकी अधिकारी. तोपर्यंत शिट्टी वाजवली ती उसाच्या गाड्या लायनीत लावायला. आदल्या दिवशी तुम्हीच त्यांना सगळे नियम समजावून दिले होते. बांधावर तेरखेड्याहून आणलेला आतषबाजीवाला, पाहुण्यानं गोल केला की बार उडवायचे अशी त्याला चेअरमनसाहेबांची ऑर्डर. डावा मैदानाच्या मध्यावर उभा राहून खेळत होता, म्हणजे नुसता उभा होता. आमची पोरं जीव तोडून पळत होती. मध्यंतरानंतरही गोल नाही. चेअरमनसाहेबांना बैठकीला निघायचं होतं. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, मग शेतकी अधिकाऱ्यांकडं बघितलं. त्यानंतर थोड्याच वेळात कारखान्याच्या कुणीतरी उंच मारलेला बॉल आमच्या गोलपुढं आला आणि मी तो छातीवर घेतला. छातीवर, सर. बरगडीला झोंबला. माझे दोन्ही हात मागं होते, तुम्हीच तशी सवय लावली होती. शिट्टी वाजली. "हात! पेनल्टी!"

मी तुमच्याकडं पळत आलो. तुम्ही गोलच्या मागं उभे होता. मला वाटलं, तुम्ही आता मैदानात घुसाल. आणि तुमचा चेहरा उजळलेला होता. मी तसा चेहरा तुमचा कधी बघितला नाही, ना आधी ना नंतर. तुम्ही माझा दंड धरलात आणि हळूच म्हणालात, "गप. भांडू नको. आता बघ." खोटी पेनल्टी, छातीला लागलेला बॉल, आणि समोर डावा. तुमची गोष्ट पुन्हा घडायला आली होती, आख्ख्या गावासमोर, हेडमास्तरांच्या नाकावर टिच्चून. त्यात मी कुठं बसतो हे तुमच्या ध्यानात आलं नाही, आणि खरं तर माझ्याही आलं नाही. मीही बघत उभा राहिलो.

डाव्यानं बॉल ठेवला. चपला कधीच काढल्या होत्या. दोन पावलं येऊन त्यानं बॉल मारला, मारला म्हणजे ढकलला. तो गडगडत गोलकीपरच्या हातात. तुम्ही ओरडलात, "बघितलं? बघितलं का? मुद्दाम!" हेडमास्तरांकडं वळून ओरडलात. पण तोवर आतषबाजीवाल्यानं पाय उचललेला बघूनच वात पेटवली होती. धडाड धडाड सगळे बार उडाले. चेअरमनसाहेब टाळ्या वाजवत उठले, आणि कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की गोल झालेला नाही. त्यांचे हात तसेच राहिले. आपल्याकडं एकदा बार उडाले की कार्य व्हावंच लागतं. शेतकी अधिकारी घामाघूम झाले, इकडं तिकडं बघितलं, आणि त्यांना आदल्या दिवशीचा तुमचा नियम आठवला. गोलकीपर रेषेवर नव्हता, एक पाऊल पुढं होता. पेनल्टी परत.

"रेषेवर उभा ऱ्हा," ते म्हणाले. गोलकीपर म्हणाला, "देवीचा चुना हाय सायब, पाय कसा ठिवू?" लोक हसले, मग हसायचे थांबले, कारण गडी खरंच हलेना. आणि त्याला समजवायला तुम्हालाच बोलावलं. तुम्ही त्याच्यापाशी गेलात, म्हणालात, "अरे, साधा दगड हाय रे. मीच सांगितलं होतं, म्हशींसाठी." तो तुमच्याकडं बघत राहिला. "मग इतकी वरसं पाया पडलो त्ये?" शेवटी तो खाली वाकला, रेषेला दोन्ही हात लावले, कपाळाला लावले, आणि पाय जुळवून, हात छातीशी धरून रेषेवर उभा राहिला, देवळात उभं राहतात तसा. त्याला आता कुठंही उडी मारायची नव्हती.

तुम्ही अजून डाव्याकडं बघत होता. एकदा सोडलीय, आताही सोडेल. दुप्पट खोटी पेनल्टी. डाव्यानं चेअरमनसाहेबांकडं बघितलं. मग तोंडातलं पान थुंकलं. या वेळी पावलं वेगळी पडली, मी सांगतो, तो सुजलेला म्हातारा क्षणभर कुठंतरी गेलाच. बॉल आधी येरमाळ्याच्या डोंगराकडं निघाला, आणि मग घरी काहीतरी विसरल्यासारखा हवेतच वळला आणि बाभळीच्या खांबाच्या आतून, अगदी वरच्या कोपऱ्यातून आत गेला.

नंतरचं तुम्हाला आठवत असेल, किंवा तुम्ही विसरला असाल. विसरायची सोय तुम्ही तिथल्या तिथंच करून घेतलीत. चेअरमनसाहेबांनी हार घातला. हेडमास्तर पान लावत आले आणि म्हणाले, "काय मास्तर, मारली की तुमच्या डाव्यानं. चांगली बशिवली." भोवती सगळं गाव. तुम्ही त्या खांबाच्या कोपऱ्याकडं एकदा बघितलंत. मग मला हाक मारलीत.

"तुझा हात लागला होता न्हवं?"

"न्हाय सर. छातीवर घेतला. बघा, लाल झालंय." मी शर्ट वर केला.

"नीट आठव."

"न्हाय लागला सर."

तुमचा आवाज चढला. "लागला होता. मी मागं होतो. मी बघितलंय. पेनल्टी बरोबर होती." आणि हेडमास्तरांकडं वळून, एखादं प्रमेय सिद्ध करावं तसं म्हणालात, "बरोबर पेनल्टी तो कशाला सोडंल?"

मी शर्ट खाली केला. जीपकडं जाता जाता डाव्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "अच्छा खेलता बेटा तू. हात संभाल को खेल." त्यानंतर गावात मला शाळा सुटेपर्यंत सगळे 'हात्या' म्हणत होते. तुम्ही कधी म्हणाला नाहीत, एवढंच. मी टीम सोडली, तुम्ही कारण विचारलं नाहीत. काकूंनी दोनदा निरोप पाठवला, जेवायला ये. मी गेलो नाही. तोवर आमच्या घरची देवळीतली वेगळी कपबशी फुटली होती आणि तुमच्या घरी जाणं मीच बंद केलं होतं; गंमत बघा.

सर, पुढं पेपरात काम करताना मी हा न्याय इतक्या वेळा पाहिला की आता मला तो पाठ आहे. कारखाना बुडाला तेव्हा चेअरमनसाहेबांच्या माणसांनी सांगितलं, ऊस निकृष्ट होता. ज्यांचा ऊस होता त्यांनीही माना डोलावल्या. सूतगिरणी बुडाली तेव्हा कापूस निकृष्ट होता. देव वाचवायचा असला की कुठल्या तरी भक्ताचा हात लागलेला निघतोच. यावर मी लेख लिहिलेत, लोक हसलेत, मला एक-दोन शालीही मिळाल्यात. पण त्या प्रत्येक लेखाच्या मागं चेअरमन नसायचे, तुम्ही असायचात. ज्यानं आम्हाला सांगितलं भाकरीसाठी काय करू नये, त्यानं एका गोष्टीसाठी माझी छाती खोटी ठरवली. चेअरमननं लुबाडलं त्याचं मला दुःख झालं नाही. त्याच्याकडून मला काही नको होतं.

आता त्या तलावात कारखान्यानं सोडलेली मळी साचून आहे, काळी, बुडबुडे येणारी. पाझर तलाव इतक्या वर्षांनी एकदाचा भरला. बांधावर जाऊन हे तुम्हाला वाचून दाखवावं असं मनात आलं होतं, पण तिथला वास कुणाला उभं राहू देत नाही. संपादकांना मी कळवलंय, मला त्या खेळाडूबद्दल काही आठवत नाही. हे कागद सुईच्या काडेपेटीखाली ठेवतोय.

फक्त एक सांगायचं राहिलं. बॉलला हात लागला नव्हता, हे मी आजही कुणापुढंही सांगेन. पण तो बॉल कोपऱ्यातून आत गेला तेव्हा आतषबाजीवाल्याकडं एकही बार उरला नव्हता, चेअरमनसाहेब या खेपेला आधी खात्री करून घेत होते, आणि सगळं ग्राउंड गप्प होतं. मी रागावायचं विसरलो होतो. तसा बॉल मी जन्मात बघितला नव्हता, नंतरही बघितला नाही. तुम्ही गोलच्या मागं होता, तुम्हाला ऐकू आली असेल. त्या शांततेत एकच टाळी वाजली, सर. ती माझी होती.